झुडपात जुनी कबर सापडली तर: नोंद, वाचन आणि शोध कसा घ्यावा

विहिरीसाठी जेसीबी लावला आणि दोन फुटांवर घडीव दगड लागला. रस्ता रुंद करताना घाणेरीच्या जाळीतून एक चौथरा उघडा पडला. गुरं शोधायला गेलेल्या पोराला निवडुंगाआड संगमरवराचा तुकडा दिसला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं होती. आपल्याकडे विसरलेली दफनस्थळं बहुतेक अशीच सापडतात. त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत लोक काय करतात, त्यावर त्या जागेचा इतिहास हाती लागणार की कायमचा जाणार हे ठरतं. नुकसान करणारे नेहमी चोरच असतात असं नाही. हौसेनं कोयते आणि खराटे घेऊन धावलेली मंडळीही पुष्कळ पुरावा पुसून टाकतात. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: आधी नोंद, साफसफाई सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी

हाडं उघडी पडली असतील तर काम तिथल्या तिथे थांबवा आणि पोलीस पाटलांमार्फत पोलिसांना कळवा. सांगाडा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे बघून सांगता येत नाही आणि ते ठरवणं आपलं कामही नाही. हाडं उचलू नका, धुऊ नका, गोणीत भरून देवळात नेऊन ठेवू नका. सांगाडा कोणत्या दिशेला होता, उताणा होता की कुशीवर, शेजारी भांडं होतं का, या गोष्टींतच अर्धी माहिती असते. हाडं हलली की ती गेली. उघड्या भागावर ताडपत्री टाका, पाऊस असेल तर भोवती चर काढून पाणी वळवा आणि तहसीलदारांना लेखी कळवा.

नाणी, दागिने किंवा मौल्यवान वस्तू निघाल्या तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दफनभूमीत शिरून मृतांची विटंबना करणं किंवा कुणाच्या भावना दुखावतील असं वागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. आणि कुतूहल कितीही असलं तरी परवानगीशिवाय उत्खनन करायचं नाही, आपल्या मालकीच्या जमिनीतही नाही.

पहिल्या दिवसाची आणखी एक सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ठिकाणाचा नेमका पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. फोटो टाकायचा मोह होतो, पण तो फोटो गुप्तधनवाल्यांपर्यंत पोचायला एक रात्र पुरते. थडगं दिसलं की खाली हंडा आहे, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. कितीतरी चांगल्या समाध्यांच्या पोटात आज खड्डे आहेत ते त्यामुळेच. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांवर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालीही कारवाई होते, पण फुटलेला दगड त्यानं सांधला जात नाही.

जायचं कधी, न्यायचं काय

पावसाळ्यात गवतामुळे काही दिसत नाही आणि जमीन खचते. दिवाळीनंतर गवत वाळलं की माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट हवेत आणि हातात काठी. जांभ्याच्या सड्यावर फुरसं असतं, जुन्या चौथऱ्यांच्या फटीत घोणस असते. एकट्यानं जाऊ नका. सोबत मापाची टेप, सहा इंची पट्टी, होकायंत्र, विजेरी, मध्यम आकाराचा आरसा, आखीव वही आणि पेन्सिल घ्या. पेन्सिलच घ्या, घामानं शाई पसरते.

आधी आराखडा

दगडाला हात लावण्याआधी वहीत संपूर्ण जागेचा आराखडा काढा. उत्तर दिशा दाखवा. एखादा न हलणारा ठिपका धरा, म्हणजे विहिरीचा काठ, हद्दीचा दगड किंवा मोठं झाड, आणि तिथून प्रत्येक कबरीचं अंतर मोजा. प्रत्येकीला क्रमांक द्या. ज्यावर अक्षर नाही तिलाही द्या, नुसत्या उंचवट्याला आणि खळग्यालाही द्या. अक्षरं असलेल्या दगडांचेच फोटो काढून परतणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि मग उरलेल्या निनावी कबरी नोंदीतूनही गायब होतात. एखाद्या छावणीच्या दफनभूमीत साध्या शिपायांच्या वाट्याला कोरलेला दगड क्वचितच येई. त्यांची मोजदाद त्या उंचवट्यांवरूनच होते.

फोटो असे काढा: आधी चारही बाजूंनी जागा, मग प्रत्येक कबर पूर्ण, मग समोरून सरळ धरून लेख, मग नक्षी, आणि शेवटी दगडाच्या खालचा कोपरा. त्या कोपऱ्यात कधीकधी दगड घडवणाऱ्या कारखान्याचं नाव असतं. दगड कुठल्या शहरातून आला हे त्यावरून कळतं आणि कुटुंबाची ऐपतही कळते. प्रत्येक फोटोत पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी दिसली पाहिजे.

ही जागा कुणाची

ओळख पटवताना दिशा फार उपयोगी पडते. मुस्लिम कबर आपल्याकडे उत्तर-दक्षिण असते, कारण मृताचा चेहरा पश्चिमेला, किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) वळवलेला असतो. दख्खनमधल्या जुन्या कबरींवर माथ्याशी कलमदानासारखा (लेखणीच्या लांबट पेटीसारखा) उंचवटा असेल तर ती पुरुषाची आणि सपाट पाटी असेल तर स्त्रीची, असा संकेत होता. ख्रिस्ती कबरी साधारणपणे पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला. लिंगायतांत बसवून पुरण्याची रीत असल्यानं त्यांच्या समाध्या लांबट नसून चौरस किंवा गोल असतात. गोसावी आणि नाथपंथीयांच्या समाधीवर बहुधा लिंग किंवा पादुका असतात. वीरगळ आणि सतीशिळा मात्र स्मारकं आहेत. त्यांच्याखाली कुणी पुरलेलं असेलच असं धरून चालू नका.

कोकणात अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात मराठी आणि हिब्रू अशा दोन्ही लिप्यांत कोरलेला दगड दिसला तर तो बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू समाजाचा. आपण त्यांना शनवार तेली म्हणत आलो. अलिबागजवळचं नवगाव हे त्यांच्या परंपरेत मूळ ठिकाण: गलबत फुटून वाहून आलेल्या पूर्वजांना तिथे पुरलं अशी त्यांची श्रद्धा आहे. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली आणि गावोगावच्या दफनभूमी मागे राहिल्या. किहिमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं दगडावर वाचली की कुटुंब कुठलं ते लगेच कळतं.

विदर्भात मोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसली तर गोष्ट आणखी मागे जाते. नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा ही सारी लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. जुनापाणीला रिव्हेट-कार्नक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्येच खोदून पाहिलं होतं. माहुरझरीला माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज निघाले. शेतकऱ्याच्या लेखी ते नांगराला आडवे येणारे धोंडे, आणि बांधासाठी ते उचलले गेले की वर्तुळ कायमचं मोडतं. तिथे एकही धोंडा हलवू नका. वर्तुळाचा व्यास मोजा, धोंड्यांवर छोटे गोल खळगे आहेत का पाहा (जुनापाणीच्या धोंड्यांवर ते आहेत) आणि थेट पुरातत्त्व खात्याकडे जा.

दगड वाचायचा कसा

झिजलेला लेख डोक्यावरच्या उन्हात वाचता येत नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना जा. दगडाला सावली असेल तर आरशानं ऊन परावर्तित करून दगडाच्या कडेवरून, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर सोडा. अंधार पडल्यावर विजेरीनं तेच करा. खोलगट रेघांत सावली भरते आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळी उभ्या राहतात. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

अक्षरांत खडू, पीठ, हळद, चुना भरू नका. ऑइलपेंटनं अक्षरं गिरवू नका. गिरवणारा जे वाचतो तेच पुढे कायम होतं, आणि तो चुकला असेल तर मूळ शोधायची सोय उरत नाही.

संगमरवरावर कधीकधी अक्षरं दिसतच नाहीत, नुसती बारीक भोकं दिसतात. तिथे शिशाची अक्षरं बसवलेली होती. शिसं लोकांनी खरवडून नेलं, पण ते पकडून ठेवण्यासाठी पाडलेली भोकं राहिली. भोकांच्या जागा पारदर्शक कागदावर उतरवून घ्या. उभ्या रेघेला किती, वळणाला किती हे लक्षात आलं की पुष्कळदा अख्खं नाव परत मिळतं.

उतरवताना दगडावर जशी ओळ तुटते तशीच वहीत तोडा. न लागणाऱ्या अक्षरांच्या जागी ठिपके द्या. अंदाज वेगळ्या ओळीत लिहा, मूळ मजकुरात मिसळू नका. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लेखांत शब्दाच्या मधला ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो, तेवढ्यानं आडनावं चुकतात. चौल-रेवदंडा किंवा जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज दगडांवर ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ अशा अर्थाचा मजकूर सापडतो. म्हणजे नाव एकाचं, पण खाली पिढ्या असू शकतात.

तारखांचा हिशोब

शकात ७८ मिळवा, इसवी सन येतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. मराठेशाहीच्या काळातल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा, महसुलाच्या फसली सनात साधारण ५९०. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं नुसती बेरीज चालत नाही: वर्षाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. खुलताबादला मलिक अंबर विसावला आहे. त्याचं मृत्युवर्ष हिजरी १०३५. गुणाकार १००४ च्या आसपास येतो, त्यात ६२२ मिळवले की १६२६, आणि तेच त्याचं वर्ष.

बेने इस्रायली दगडावर हिब्रू अक्षरांनीच अंक लिहिलेले असतात आणि पाच हजार गाळलेले असतात. ताव म्हणजे ४००, रेश २००, सामेख ६०: मिळून ६६०. पाच हजार धरून ५६६०, त्यातून ३७६० वजा केले की १९००. हिब्रू वर्ष शरद ऋतूत बदलतं, म्हणून उत्तर १८९९–१९०० असं लिहा. त्याच दगडावर मराठीत तारीख असेल तर दोन्ही ताडून पाहा.

गावाला विचारा, पण घाई न करता

कागदांच्या आधी माणसं. पोलीस पाटील, गुरव, गुराखी, शेजारच्या शेताचे जुने मालक यांना विचारा, आणि माहेरवाशिणींना विसरू नका. लहानपणी कुठे जायला बंदी होती हे त्यांना नेमकं आठवतं. ‘ही इंग्रजांची थडगी ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणारच. ‘या जागेला काय म्हणतात? इथे काही ठेवायची पद्धत होती का?’ असं विचारा.

या प्रश्नाची किंमत शिरूरला कळते. पुणे जिल्ह्यातलं शिरूर म्हणजे घोडनदी, इंग्रजांची जुनी छावणी. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची इंग्रजी तुकडी भीमा कोरेगावच्या लढाईकडे निघाली ती इथूनच. तिथल्या इंग्रजी दफनभूमीत कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी आहे, १८०९ मध्ये वारलेला. दगड त्याला सैनिक म्हणतो. आसपासची गावं त्याला सत्पुरुष म्हणत आली आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यावर ठेवत आली. एकोणिसाव्या शतकातल्या पुणे गॅझेटियरनं ही नोंद करून ठेवली आहे. नुसता इंग्रजी लेख उतरवून निघून गेलेल्या माणसाला हे कधीच कळलं नसतं. परक्या फौजेतल्या एका माणसाला इथल्या शेतकऱ्यांनी आपल्यात का घेतलं, हे मला त्या दफनभूमीतलं सगळ्यात मोठं कोडं वाटतं.

कागदांचा माग

सुरुवात जमिनीपासून करा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात दफनभूमी, कब्रस्तान, समाधी असं काही आहे का पाहा. मग जुने फेरफार आणि भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा. मूळ मोजणीच्या टिपणावर आज नाहीशा झालेल्या गोष्टीही सापडतात. बरेच जुने उतारे शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. वक्फची जागा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या राज्य वक्फ मंडळाकडे, चर्चची असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयात, बेने इस्रायली असेल तर जवळच्या सिनेगॉगमध्ये विचारा.

त्यानंतर मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर वाचा. गावांच्या माहितीत थडग्यांचे उल्लेख असतात. पेशवेकाळासाठी पुण्याचं पुराभिलेखागार, इंग्रजी कारभारासाठी मुंबईचं.

युरोपीय कबरींसाठी एक मोठी सोय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इथल्या चर्चमधल्या जन्म, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि मुंबई इलाख्याची मालिका ‘एन-३’ या खुणेची आहे. म्हणजे दगड फुटला असला तरी नाव, वय, दफनाची तारीख आणि कधीकधी मृत्यूचं कारणही सापडू शकतं. १९७६ पासून काम करणारी ‘बॅक्सा’ (BACSA) ही ब्रिटिश संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी गोळा करते, आणि ‘फिबिस’ (FIBIS) या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नावानं शोध घेता येतो. कबर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाची असेल तर खडकीच्या युद्धस्मारकाची यादी पाहा. भारत आणि पाकिस्तानातल्या ज्या दफनभूमींची निगा राखणं शक्य राहिलं नाही, तिथल्या १८०० हून अधिक सैनिकांची नावं तिथे आहेत.

कोडी सोडवताना

सगळी नावं आणि तारखा एका तक्त्यात भरा आणि मग वर्षांप्रमाणे लावा. चित्र तेव्हा दिसायला लागतं. एकाच महिन्यात पाच-सहा कबरी असतील तर साथ आठवा. १८१७ मध्ये बंगालमध्ये सुरू झालेली पटकीची (कॉलऱ्याची) साथ १८१८ च्या पावसाळ्यात मुंबईपर्यंत आली होती. आईची आणि तान्ह्या बाळाची तारीख जवळजवळ असेल तर वेगळं सांगायला नको. कबरींची वर्षं अचानक थांबत असतील तर छावणी कधी हलली ते शोधा.

उत्तर मिळायला तिन्ही बाजू जुळाव्या लागतात: जागा, कागद आणि प्रयोगशाळा. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या भग्न मठात हेच झालं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराजमध्ये ठार मारलं आणि तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला आणले. मठात ते कुठल्या खिडकीपाशी ठेवले याचा उल्लेख पोर्तुगीज कागदांत होता. पुरातत्त्व खात्याला तिथे हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासला गेला, आणि २०२१ मध्ये भारतानं ते अवशेष जॉर्जियाला दिले. त्या मठाची पडझड झाल्यावर कुणी ‘साफसफाई’ करून तो कोपरा उपसला असता, तर कागद असूनही काही सिद्ध झालं नसतं.

काही कोडी मात्र तशीच राहतात. शिरूर तालुक्यातच, त्याच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरलेलं होतं. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली होती. मृतानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं. आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका प्रौढ माणसाची पावलं मात्र शाबूत होती. त्यालाच ही सूट का? गावाचा प्रमुख असेल असा तर्क आहे, पण तो तर्कच. तुमच्या नोंदीतही कळलेलं आणि तर्कानं मानलेलं असे दोन वेगळे रकाने ठेवा.

आता साफसफाई आणि अर्ज

नोंद पूर्ण झाली की झुडपं काढायला हरकत नाही, पण उपटायची नाहीत, बुंध्याशी कापायची. सांध्यात शिरलेलं पिंपळाचं मूळ ओढलं तर दगड त्याच्याबरोबर येतो. संगमरवरावर फक्त साधं पाणी आणि मऊ ब्रश चालतो. आम्ल, सोडा, तारेचा ब्रश अजिबात नाही. पडलेले तुकडे होते तिथेच ठेवा. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा करू नका: आत पाणी कोंडतं आणि काही पावसाळ्यांत दगडाची पापुद्री सुटते. डागडुजी जाणकारावर सोपवा.

अर्ज राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला करा आणि प्रत तहसीलदारांना द्या. अर्जात गाव, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, कबरींची संख्या, आराखडा, क्रमांकासह फोटो, उतरवलेले लेख आणि जागेला असलेला धोका एवढं हवं. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. ठराव असला की पुढे रस्ता किंवा प्लॉट पाडताना ती जागा कागदावर दिसते. ज्या समाजाची ती दफनभूमी आहे त्यांच्या माणसांना ग्रामसभेच्या आधीच बोलवा, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयात त्यांचा शब्द पहिला असायला हवा. पोच घेतलेली एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवा.